मोहरी तडतडण्याचा आवाज : श्रवणयंत्राच्या चौदा महिन्यांच्या वापराचे परीक्षण

आमच्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत आणि गेले चौदा महिने त्या दोन्ही कानांना डिजिटल श्रवणयंत्रे लावत आहेत. यंत्राचा मुख्य भाग कानामागे बसतो, त्यातून निघालेली बारीक तार कानाच्या नळीत उतरते आणि तिच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा रिसीव्हरमधून आवाज थेट आत पोहोचतो. विक्रेते या प्रकाराला ‘आरआयसी’ म्हणतात. त्याला 312 क्रमांकाची बॅटरी लागते आणि जोडीसाठी आम्ही 84,000 रुपये मोजले. आवाजाची प्रत, बॅटरी, दुरुस्तीची सोय या गोष्टी मी सांगणारच आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे हे यंत्र घेण्याचा सल्ला आम्हांला मानसोपचारतज्ज्ञांनी दिला होता.

चार वर्षांपूर्वी सासरे गेले. त्यानंतर वर्षभरातच इंदूरच्या रामबागेतले जुने घर विकून आम्ही राजेंद्रनगरच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आलो. रामबागेत संध्याकाळी ओट्यावर बसले की येणारी-जाणारी चार माणसे थांबून बोलत. येथे दार लावलेले असते आणि लिफ्टमध्ये भेटणारे लोक मान हलवून पुढे जातात. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या हळूहळू बोलेनाशा झाल्या. गुरुवारचे भजनी मंडळ त्यांनी गुडघ्यांचे कारण सांगून सोडले. पुण्याहून नणंदेचा फोन आला की ‘हो, हो, सगळे बरे आहे’ एवढे म्हणून फोन माझ्या हाती देऊ लागल्या. जेवताना आमचे बोलणे चाललेले असे आणि त्या ताटाकडे पाहत जेवत असत. छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी वाढल्या, म्हणून हृदयाच्या तपासण्या झाल्या आणि त्या निर्दोष निघाल्या. मग एके दिवशी त्यांनी मला विचारले, ‘तुम्ही दोघे मघाशी माझ्याविषयीच बोलत होतात ना?’ मी म्हटले, ‘अहो आई, विजेच्या बिलाचे बोलत होतो.’ त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावरून कळत होते. चाळीस वर्षे ज्या बाईने कोणाविषयी संशय धरला नाही, तिच्या तोंडून हे ऐकून मला फार वाईट वाटले.

आम्ही याचा अर्थ लावला होता. पतीवियोग, मोडलेले घर, सरलेले वय, एवढ्यात सगळे बसत होते, आणि या तिन्ही गोष्टी खऱ्याही होत्या. पण कारण सापडले की माणूस शोधायचे थांबतो आणि आमचे तसेच झाले. दोन वर्षे आम्ही त्यांची समजूत घालत राहिलो आणि ती समजूत त्यांना ऐकूच येत नव्हती.

पलासिया भागातील मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही गेलो तो प्रसंग मी तपशिलाने सांगते, कारण घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असे मला वाटते. डॉक्टरांनी प्रथम स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली. तीन शब्द सांगितले, मधे इतर प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांनी ते तीन शब्द पुन्हा विचारले. आईंना एकही सांगता आला नाही. यजमानांचा चेहरा उतरला; स्मृतिभ्रंश सुरू झाला, असे आम्ही दोघांनीही मनातल्या मनात धरून टाकले. डॉक्टर मात्र थोडा वेळ आईंकडे पाहत राहिले. मग त्यांनी तोंडावरचा मास्क काढला, पंखा बंद केला, खुर्ची ओढून अगदी समोर बसले आणि दुसरे तीन शब्द कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून आईंच्या हाती दिले. कागद परत घेतल्यावर पाच मिनिटांनी आईंनी तिन्ही शब्द बिनचूक सांगितले. पहिले शब्द त्या विसरल्या नव्हत्या, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. विचारणाऱ्याचा आवाज ऐकू येतो आहे हे गृहीत धरून घेतलेल्या चाचणीत कमी ऐकू येणारा माणूस विसराळू ठरतो आणि कदाचित पुढची अनेक वर्षे तोच शिक्का घेऊन घरात वावरतो.

त्यानंतर त्यांनी वृद्धांमधील नैराश्य ओळखण्यासाठी वापरली जाणारी प्रश्नावली भरून घेतली. मूळची ही प्रश्नावली 30 प्रश्नांची असून 1986 मध्ये तिचे 15 प्रश्नांचे संक्षिप्त रूप तयार झाले. उत्तरे केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात आणि झोप, भूक, दुखणीखुपणी यांवर तिचा भर नसतो, कारण या गोष्टी वयामुळेही बिघडतात. या संक्षिप्त रूपात पाचांहून अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरून पुढील तपासणी करतात. आईंना नऊ गुण आले. उतारवयातील नैराश्य रडण्यातून दिसण्याऐवजी बहुधा शरीराच्या तक्रारींतून बोलते, असे डॉक्टरांनी आम्हांला समजावले आणि मग एकेक कारण चाचपायला घेतले. बी-12 जीवनसत्त्व तपासले, ते बरेच कमी निघाले. थायरॉइड ठीक होते. सहा वर्षे चालू असलेली झोपेची गोळी त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली, कारण या वयात अशा गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते, तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. नैराश्यासाठी थोड्या मात्रेत औषध सुरू केले. आणि शेवटी चिठ्ठीवर लिहिले : श्रवणतपासणी, लवकरात लवकर.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणाचे स्वरूप आम्हांला तेव्हा प्रथमच नीट कळले. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज टिपतात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. भाषेतील स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, म्हणून ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र उंच आणि क्षीण असल्यामुळे गळतात. परिणामी माणसाला ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ असे होते, घरच्यांना वाटते की हवे तेव्हा ऐकू येते आणि नको तेव्हा येत नाही, आणि या गैरसमजातून दोन्ही बाजूंना चीड साचत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढील चारांपैकी एकाहून अधिक माणसांना अडचण व्हावी इतका श्रवणदोष असतो. एवढी सामान्य गोष्ट असूनही चष्म्याविषयी बोलतात तितक्या मोकळेपणाने तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

येथे फोडणीची गोष्ट सांगते. फ्लॅटवर आल्यापासून आईंच्या हातून फोडणी जळू लागली होती. तेलाचा अंदाज त्यांच्या बोटांत होता, पण मोहरी केव्हा तडतडली हे त्या कानाने ओळखत आणि तो बारीक, उंच पट्टीचा आवाज त्यांच्यासाठी नाहीसा झाला होता. दोनदा घरभर धूर झाल्यावर मी प्रेमाने म्हटले, ‘आई, आता तुम्ही विश्रांती घ्या, स्वयंपाकाचे मी पाहते.’ माझ्या मनात काळजीच होती. पण पन्नास वर्षे ज्या ओट्याशी त्या उभ्या राहिल्या तो मी त्यांच्याकडून काढून घेतला, आणि डॉक्टरांनी जेव्हा विचारले की ‘दिवसभर तुम्ही काय करता?’ तेव्हा आईंना सांगण्यासारखे काहीही उरले नव्हते. वृद्धांच्या मनावर परिणाम करणाऱ्या गोष्टींची यादी कोठेही वाचायला मिळते : जोडीदाराचा मृत्यू, एकटेपणा, जुनाट दुखणे, अपुरी झोप, पैशाचे परावलंबन, घरातील स्थान जाणे. त्या एकमेकींना कशा ओढून आणतात ते मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिले. कान गेला म्हणून फोडणी जळली, फोडणी जळली म्हणून काम गेले, काम गेले म्हणून खोलीचे दार लागले.

यंत्र घेताना आमची सुरुवात चुकली. प्रथम आम्ही घरबसल्या मागवलेला साडेतीन हजारांचा एक आवाजवर्धक आणला. तो सगळेच आवाज सारखे वाढवत होता. भांड्याचा खणखणाट असह्य होई आणि बोलणे जेथल्या तेथेच राही. आईंनी तो तीन दिवसांत डब्यात घालून ठेवला आणि ‘माझ्या नशिबात ऐकणे नाही’ असे म्हणाल्या, म्हणजे स्वस्तातल्या प्रयोगाने आम्ही त्यांची उमेदच कमी केली. त्यानंतर एका दुकानात गेलो. तेथे गल्ल्यामागच्या खोलीत, पंखा चालू ठेवून आणि रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात, दहा मिनिटांत श्रवणतपासणी उरकण्यात आली आणि लगेच दीड लाखाच्या जोडीचे माहितीपत्रक पुढे आले. विक्रेत्याने यजमानांना सांगितले की कान सुधारले की विसरणे थांबते, परदेशात हे सिद्ध झाले आहे.

हे विधान मला खटकले, म्हणून त्याविषयी वाचले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने 2024 च्या अहवालात बदलता येण्याजोगे 14 धोके नोंदवले आहेत आणि ते सर्व दूर करता आले तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, नैराश्य आणि एकाकीपणा हे चारही त्या यादीत आहेत. परंतु श्रवणयंत्राने प्रत्यक्ष काय होते हे तपासणारा अमेरिकेतील ‘अचीव्ह’ हा अभ्यास, ज्यात 70 ते 84 वयाच्या 977 व्यक्ती होत्या, त्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अधिक सावध आहेत. तीन वर्षांनंतर एकूण गटात यंत्रामुळे बुद्धीच्या घसरणीत फरक आढळला नाही. ज्यांना आधीपासूनच धोका अधिक होता त्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. यातून ‘विसरणे थांबते’ असा अर्थ निघत नाही. वृद्ध आईच्या काळजीत असलेल्या मुलाला असे आश्वासन देऊन यंत्र विकणे अन्यायाचे आहे, आणि त्या दुकानातून आम्ही उठून आलो.

जेथून अखेर यंत्र घेतले तेथील सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञांची, भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी भिंतीवर लावलेली होती, तपासणी ध्वनिरोधक खोलीत झाली आणि तिला पाऊण तास लागला. उजवा कान 52 आणि डावा 58 डेसिबलवर होता, म्हणजे साधारण त्याहून हळू आवाज त्या कानाला ऐकू येत नव्हते. नेहमीची शब्दचाचणी हिंदीत असते. आईंना हिंदी उत्तम येते, इंदूरमध्ये कोणाला येत नाही? तरीही त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी, ज्या स्वतः मराठी होत्या, ‘घरात कोणती भाषा ऐकायची आहे?’ असे विचारले आणि पाठीमागे उभ्या राहून चमचा, चष्मा, साखर, शेपू असे शब्द हळू आवाजात उच्चारून यंत्राची जुळणी केली. चमच्यातला ‘च’ आणि चष्म्यातला ‘च’ आईंना वेगळा ऐकू आला तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. यंत्र आठ दिवस वापरून पाहण्यासाठी दिले आणि पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा बोलावून जुळणी सुधारली. माझ्या मते 84,000 पैकी निम्मी किंमत या चार भेटींची आहे. यंत्राची निवड करताना लोक वाहिन्यांची (यंत्र आवाजाचे जितके पट्टे वेगळे हाताळते त्यांची) संख्या आणि कंपनी पाहतात. जुळणी कोण करणार, किती वेळा करणार आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का, हे आधी विचारावे.

पहिला महिना कठीण गेला. अनेक वर्षे न आलेले आवाज मेंदूकडे एकदम येऊ लागले की तो गोंधळतो. आईंना स्वतःचे चघळणे मोठ्याने ऐकू येई, वर्तमानपत्राचे पान उलटले तरी त्या दचकत. आम्ही सुरुवातीला दिवसाला दोन तास, मग चार, असे वाढवत नेले. अकराव्या दिवशी सकाळी महापालिकेच्या कचरागाडीचे गाणे दोन गल्ल्या पलीकडे असतानाच त्यांनी ओळखले आणि कोणी न सांगता ओला-सुका कचरा वेगळा करून डबे दाराशी नेऊन ठेवले. तिसऱ्या आठवड्यात मी आमटीला फोडणी देत होते, तेव्हा त्या खोलीतून उठून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मोहरी तडतडली. त्या म्हणाल्या, ‘हिंग घाल आता.’ दुसऱ्या दिवसापासून वरण-आमटीची फोडणी पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि मी ती परत मागितलेली नाही.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण वृद्धांच्या बोटांसाठी तो रोजचा प्रश्न आहे. 312 ची बॅटरी मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी असते, तिच्यावर तपकिरी कागदाची चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत जाऊन बॅटरी जागी होते, म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती यंत्रात बसवावी. आमच्याकडे ती सहा-सात दिवस पुरते. आईंचा हात थोडा कापतो आणि बॅटरी दोनदा फरशीवर पडून कपाटाखाली गेली, तेव्हापासून त्या पाटावर पांढरा रुमाल पसरून त्यावर हे काम करतात. काढलेली तपकिरी पट्टी त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर चिकटवतात, म्हणजे पुढची बॅटरी केव्हा लागणार हे कळते. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांनी चार्जिंगचा प्रकार घ्यावा. किंमत अधिक पडते, पण दुसऱ्याच्या मदतीवाचून यंत्र सुरू करता येणे ही मनाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

यंत्राच्या मर्यादा स्पष्ट आहेत. समोरासमोर, दीड-दोन मीटरच्या आत, एका वेळी एक माणूस बोलत असेल तर ते उत्तम चालते. सानंद या इंदूरमधील मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगाला आम्ही आईंना तीन वर्षांनी नेले आणि मागच्या रांगेत बसलो. संवाद निम्मेही कळले नाहीत आणि त्या मध्यंतरात गप्प बसून राहिल्या. पुढच्या वेळी तिसऱ्या रांगेची जागा मिळवली, तेव्हा नाटक पूर्ण कळले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहायला गेलो तेव्हा यंत्र काढूनच ठेवावे लागले. लग्नाच्या हॉलमध्येही फारसा उपयोग होत नाही. पावसाळ्यात दमटपणाने आवाज खरखरतो, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत यंत्र ठेवणे आवश्यक आहे.

ज्या गोष्टी यंत्राने झाल्या नाहीत त्याही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. सासऱ्यांच्या आठवणीने आई अजूनही संध्याकाळी हळव्या होतात, आणि तसे होणे हा आजार नाही. झोप सुधारली ती गोळी कमी केल्यामुळे आणि सकाळी बागेत चालायला लागल्यामुळे. बी-12 आणि नैराश्याचे औषध यांचा वाटा किती आणि कानांचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. सात महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा नऊऐवजी चार गुण आले, एवढेच मी सांगू शकते. यंत्राने एवढे मात्र निश्चित केले की डॉक्टरांचे, नणंदेचे, भजनी मंडळातील मैत्रिणींचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले; त्याआधी कोणताच उपाय नीट लागू होणे शक्य नव्हते. आम्हांलाही बदलावे लागले. दुसऱ्या खोलीतून हाक मारणे बंद केले, बोलण्याआधी त्यांच्या नजरेसमोर येऊ लागलो, जेवताना टीव्ही बंद ठेवू लागलो, आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार केले. त्या शब्दांनी आईंना किती वेळा आम्ही बोलण्याबाहेर ठेवले होते, याची मोजदाद नाही.

इतकी किंमत प्रत्येक घराला परवडणार नाही. 2017 पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना तपासणी शिबिरांतून श्रवणयंत्र, चष्मा, दातांची कवळी, काठी अशी साधने विनामूल्य मिळतात. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि मनाच्या तक्रारींसाठी ‘टेली-मानस’ची 14416 ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फोनवर बोलताना वृद्धांना ऐकू येत नसेल तर घरातील कोणीतरी शेजारी बसून बोलावे.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण का कापला तेही सांगते. नवव्या महिन्यात डाव्या यंत्राचा रिसीव्हर बंद पडला. जुळणी करणाऱ्या बाईंचा यात दोष नव्हता, परंतु भाग बाहेरून मागवावा लागला आणि त्यात नऊ दिवस गेले. दोन दिवस आईंनी एका कानावर निभावले. तिसऱ्या दिवशी त्या जेवायला उशिरा आल्या, ताटाकडे पाहत जेवल्या आणि लवकर उठून खोलीत गेल्या. पुण्याचा फोन आला तो त्यांनी माझ्या हाती दिला. यंत्र परत आल्यावर दोन दिवसांत घडी पूर्ववत बसली. म्हणून यंत्र घेताना दुरुस्तीच्या काळात तात्पुरते दुसरे यंत्र मिळेल की नाही हे विचारावे आणि मिळणार असेल तर ते पावतीवर लिहून घ्यावे. आम्ही ते आता लिहून घेतले आहे.